नर्सरीतून अंजनी म्हणून आणलेलं रोप जांभळासारखं दिसतंय. फुलं नसताना खात्री कशी करायची?

फुलांची वाट बघू नका, पानावरच निकाल लागतो. जून पान तोडून उन्हात धरा. जांभळात बारीक, दाट आडव्या शिरा दिसतात आणि कडेलगत एक शीर पदराच्या काठासारखी फिरलेली असते. चुरगाळलं की वास येतो. अंजनीचं पान जाड, चिवट; मधली शीर सोडली तर बाकीच्या जवळजवळ दिसतच नाहीत. जांभळाचा देठ सेंटिमीटरभर तरी असतो, अंजनीचं पान मात्र फांदीला टेकल्यासारखं. दोघांची पानं समोरासमोर येतात, म्हणून घोळ होतो. महाबळेश्वरच्या रानात तर दोन्ही शेजारीशेजारी असतात.

पण खरा घोटाळा नावाचा आहे. खानदेश-विदर्भातला 'अंजन' म्हणजे हार्डविकिया बिनाटा: उंच, पानझडी, जोडपानं आपट्यासारखी पण देठापर्यंत दुभंगलेली. आपली अंजनी मेमेसिलॉन अंबेलाटम, सदाहरित, बागेत १०-१५ फुटांची. एका सोसायटीच्या यादीत नुसतं 'अंजन' लिहिलेलं होतं, ठेकेदाराने हार्डविकिया आणून कंपाउंडच्या भिंतीला खेटून लावला. वर ऐकवलं, "नाव तेच आहे ना?" यादीत शास्त्रीय नाव लिहाच.

हेच ठेकेदार सांगतात की अंजनीला फूल येत नाही, त्यापेक्षा फायकस लावा. साफ चूक. अंजनीची निळीजांभळी फुलं जुन्या डहाळ्यांच्या पेरांवर, पानं गळून गेलेल्या जागीही, झुपक्यांनी येतात. बहर साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. डिसेंबर-जानेवारीत कात्री लावून झाडाचा चौकोनी डबा केला की नेमक्या त्याच डहाळ्या जातात. छाटणी बहर सरल्यावर, पावसाच्या तोंडावर करा, तीही हलकी. अंजनी सावकाश वाढते हे खरं, पण म्हणूनच दर महिन्याला माळ्याला कात्री घेऊन उभं राहावं लागत नाही.

दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या. काळी माती असेल तर निम्मा मुरूम मिसळा. मुळाशी पाणी साचलं की रोप पिवळं पडून तिथेच अडतं. अंजनीचं फळ वाटाण्याएवढं, पिकल्यावर काळंजांभळं, टोकाला बारीक मुकुट. ते दिसलं तर जांभळाची शंकाच नको.

एक सांगायचं राहिलं: दक्षिण कोकणात अंजनीच्या जवळच्या इतर जातीही आहेत. नुसत्या पानावरून त्या वेगळ्या काढायला जाऊ नका, तिथे फुलंच लागतात.