मुलींसाठी वेगळं लिंग असलेली एका गावाची बोली

प्रश्न : ताई, रशियातल्या दागेस्तानात दार्ग्वा भाषेची मेगेब नावाची बोली आहे आणि तिच्यात लग्न न झालेल्या मुलींसाठी वेगळं व्याकरण आहे असं वाचलं, खरंय का? आणि एकाच गावात बोलतात तर तिला भाषा कसं म्हणायचं? – एक वाचक, कणकवली

उत्तर : खरंय, आणि तुम्ही कणकवलीचे आहात म्हणजे हे तुम्हाला लगेच कळणार. आपल्याकडे आला, आली, आलं हा फरक क्रियापदाच्या शेवटी दिसतो, दार्ग्वात तो बऱ्याच क्रियापदांच्या सुरुवातीलाच असतो, पुरुष असेल तर व, बाई असेल तर र, जनावर किंवा वस्तू असेल तर ब. मेगेबवाल्यांनी यात चौथं लिंग आणलंय, लहान मुली आणि लग्न न झालेल्या बायकांसाठी. म्हणजे लग्न झालं की तिच्याबद्दल बोलताना क्रियापदच बदलतं! आता मालवणी आठवा, झिल (मुलगा) इलो, सून इली, पण चेडू (मुलगी) इला. गोव्यातसुद्धा तरुण मुलीला 'तें आयलें' म्हणतातच ना. दोन्हीकडची वाट वेगळी, आपण मुलींना नपुंसकलिंगात घातलं, त्यांनी नवीन घरच बांधलं, मला तर हे फार सुंदर वाटतं.

भाषा की बोली म्हणाल तर माझ्या मते भाषाच. गुनिब जिल्ह्यातलं हे गाव, वस्ती हजाराच्या आतच, पूर्वज मुगी नावाच्या दार्ग्वा गावातून आले असं तिथले लोक सांगतात आणि आता आजूबाजूला सगळी अवार आणि लाक लोकांची गावं. प्रमाण दार्ग्वा बेतलीय अकुशा या दुसऱ्या गावच्या बोलीवर, पण मेगेबच्या शाळेत पोरं रशियनसोबत शिकतात ती अवार, म्हणजे स्वतःची भाषा फक्त घरात आणि गल्लीत. जुन्या लोकांना शेजाऱ्यांची अवार यायची, कुमुख या लाक गावच्या बाजारामुळे लाकही यायची, आणि तरी घरची बोली टिकली. आता परक्याशी बोलायला रशियन एकटीच पुरते, काळजी वाटते ती याची. १९८२ मध्ये मागोमेतोव या भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीवर अख्खं पुस्तक लिहिलं, २०१९ मध्ये बर्लिनहून इंग्रजी लेखसंग्रह आला, त्याची पीडीएफ फुकट डाउनलोड होते, जरूर बघा.

आणि एक काम माझं करा, तुमच्या घरी कोणी अजून 'चेडू इला' म्हणत असेल तर तीच मुलगी लग्नानंतर माहेरी आली की 'इला' म्हणतात की 'इली', तेवढं कान देऊन ऐका आणि मला कळवा.