वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाचा संशोधन निधी मागताना

विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून शिक्षकांना मिळणाऱ्या लघु संशोधन प्रकल्पांबद्दल सातारा-सांगलीकडून बरीच पत्रं आली. त्यांतले सहा प्रश्न इथे घेतले आहेत. या दोन जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला संलग्न आहेत, साताऱ्यातली काही कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठात आहेत आणि कऱ्हाडसारख्या ठिकाणी अभिमत विद्यापीठही आहे. रकमेची मर्यादा, मुदत आणि अर्जाचा नमुना प्रत्येकाचा वेगळा, आणि तो दरवर्षी बदलूही शकतो. म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक हातात घेतल्याशिवाय अर्ज भरायला बसू नका. गेल्या वर्षीच्या नमुन्यावर भरलेला अर्ज पहिल्या छाननीतच बाद होतो.

प्रश्न : मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. हळद शिजवण्याच्या पद्धतीचा कर्क्युमिनवर (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्यावर) काय परिणाम होतो, यावर प्रस्ताव लिहिते आहे. योजनेची मर्यादा एक लाख आहे. सहकारी म्हणतात, पूर्ण एक लाख दाखवा, कापून निम्मेच मिळतात. आकडे काढायचे कसे?

आकडे पद्धतीतून निघतात. पद्धत कागदावर पक्की होईपर्यंत बजेटच्या पानाला हात लावू नका.

समजा, 20 शेतकऱ्यांकडून ओले कंद घेतले. प्रत्येकाच्या कंदांचे दोन भाग केले, एक काहिलीत शिजवला, दुसरा वाफेच्या बॉयलरमध्ये. झाले 40 नमुने. प्रत्येकाची मोजणी तीनदा, म्हणजे 120 मोजण्या. नेहमीच्या पद्धतीत 0.1 ग्रॅम पूड अल्कोहोलमध्ये रिफ्लक्स करून (वाफ थंड करून परत आत पडेल अशी उकळून), गाळून 100 मिलि करतात, मग त्यातलं थोडं विरल करून 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचं शोषण मोजतात. 120 गुणिले 100 मिलि, झाले 12 लिटर. विरल करताना 2 मिलि घेऊन 25 मिलि केलंत तर आणखी 3 लिटर. प्रमाणित वक्र (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला आलेख), ब्लँक (हळदीविना नुसतं अल्कोहोल), धुणं आणि फसलेल्या मोजण्यांसाठी 3 लिटर धरा. एकूण 18 लिटर. याच ठिकाणी कुणी सवयीने 250 मिलिचा फ्लास्क वापरला, तर नुसत्या विरलीकरणाला 30 लिटर लागतील आणि रसायनांचं बजेट कोलमडेल. फ्लास्कचा आकार ही बजेटची बाब आहे, हे असं करून पाहिल्यावरच कळतं.

हे सगळं बजेटच्या समर्थनाच्या रकान्यात लिहा. 'रसायने : रु. 30,000' एवढंच लिहिलेलं असलं की समिती बिनदिक्कत निम्मं कापते, कारण निम्म्यात काय अडेल ते तिला दिसत नाही. '18 लिटर, 120 मोजण्या, हिशेब असा' असं लिहिलं असेल, तर कापण्याआधी तिला तुमचे नमुने कमी करायला सांगावं लागतं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. तुमचा खरा खर्च 68 हजार निघत असेल तर 68 हजारच मागा. फुगवलेला आकडा ओळखू येतो, आणि एकदा ओळखू आला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

ॲब्सोल्यूट अल्कोहोल विकत घ्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तुमच्या महाविद्यालयाकडे तो आहे का, कुणाच्या नावाने आहे, यंदाचा कोटा किती शिल्लक आहे, हे प्रयोगशाळा सहायकांना आजच विचारा. मंजुरी आल्यावर परवान्याच्या मागे लागलं की दोन-तीन महिने तिथेच जातात. कर्क्युमिन उजेडात विघटित होतं. म्हणून तपकिरी फ्लास्क किंवा फॉइलचा खर्च मांडा, रक्कम किरकोळ असली तरी. परीक्षकाला त्यावरून कळतं की काम तुम्ही हाताने केलेलं आहे. पुडीतला ओलावा प्रत्येक शेतकऱ्याकडे वेगळा असतो. ओलावा मोजून कर्क्युमिन कोरड्या वजनावर काढलं नाही, तर काहिली आणि बॉयलरमधला फरक निव्वळ पाण्याचा निघू शकतो. पद्धतीत तेवढं एक वाक्य हवंच.

उपकरण मागू नका. प्रकाशाचं शोषण मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर विभागात असेल तर तसं लिहा आणि विभागप्रमुखांचं संमतिपत्र जोडा. मोजके आठ-दहा नमुने एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) तपासून घ्यायचे असतील तर शिवाजी विद्यापीठातल्या सैफ केंद्रासारख्या सामायिक सुविधेचं दरपत्रक जोडा आणि प्रति नमुना दर गुणिले नमुने असा खर्च मांडा. जवळ कुठे कोणतं उपकरण वापरायला मिळेल, ते आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवर शोधता येतं. कोटेशन करासहित घ्या. संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारा पाच टक्के जीएसटीचा सवलतीचा दर 18 जुलै 2022 पासून बंद झाला. जुन्या प्रस्तावांतून उचललेल्या बजेटात तो अजून दिसतो आणि खरेदीच्या वेळी पैसे कमी पडतात.

आणि हंगाम. हळद मे-जूनमध्ये लागते, जानेवारी ते मार्चमध्ये निघते, शिजवणी तेव्हाच. मंजुरीपत्र एप्रिलमध्ये हाती पडलं तर पुढची हळद थेट जानेवारीत. एक वर्षाच्या प्रकल्पात 'पहिले तीन महिने : नमुने गोळा करणे' असं डोळे झाकून लिहू नका. वेळापत्रकात महिन्यांची नावं लिहा. एप्रिल ते डिसेंबर या काळात बाजारातल्या पुडीवर पद्धत बसवणं, प्रमाणित वक्र काढणं आणि शेतकऱ्यांची निवड, आणि जानेवारी ते मार्च खरे नमुने. एवढं स्पष्ट असलं की मुदतवाढीची वेळ सहसा येत नाही.

प्रश्न : 'सातारा जिल्ह्यातील दुष्काळ : कारणे व उपाय' हा माझा प्रस्ताव 'व्याप्ती मोठी' एवढ्याच शेऱ्यावर परत आला. विषय महत्त्वाचा आहे, मग अडलं कुठे?

विषय महत्त्वाचा आहेच. समितीने नाकारलं आहे ते तुमचं वर्षभराचं गणित. जिल्हाभरच्या दुष्काळाची कारणं आणि वर उपाय, हे काम एका शिक्षकाकडून, आठवड्याचे तास सांभाळून, वर्षात व्हायचं नाही, आणि समितीवरच्या माणसांना आठवड्याचे तास चांगले ठाऊक असतात.

माण तालुक्यातली दोन गावं घ्या, एक शेततळी भरपूर असलेलं, एक कमी असलेलं. प्रश्न एकच ठेवा : उन्हाळ्यात शेततळ्यातलं पाणी कोणत्या पिकाला आणि कोणत्या महिन्यापर्यंत जातं? प्रत्येक गावात 30 कुटुंबं, म्हणजे 60 मुलाखती. एका मुलाखतीला सव्वा तास आणि घर शोधणं, वाट पाहणं धरून दिवसाला चारच होतात. म्हणजे 15 दिवस, दोन माणसांनी केल्यास आठ. हे दिवस रविवार आणि सुट्ट्यांत बसतात का, ते कॅलेंडरवर मांडून पाहा. बसत नसतील तर कुटुंबं कमी करा. सुगीत गावात कुणी भेटत नाही, तो महिना वगळा.

प्रस्ताव पुन्हा पाठवताना वेगळ्या पानावर 'शेऱ्यानुसार केलेले बदल' लिहा. शीर्षक, गावं, नमुना, वेळ यांत काय बदललं ते चार-पाच ओळींत मावतं. अनेकजण नुसतं शीर्षक बदलतात आणि आतला मजकूर तोच ठेवतात. मग उद्दिष्टांत पुन्हा 'जिल्ह्यातील दुष्काळ निर्मूलन' सापडतं आणि प्रस्ताव पुन्हा परत येतो. उद्दिष्टं तीनच ठेवा आणि प्रत्येकाखाली ते कोणत्या तक्त्याने किंवा कोणत्या मोजणीने पुरं होईल ते लिहा. ज्याच्याखाली काहीच लिहिता येत नाही, ते काढून टाका.

प्रश्न : कासच्या वनस्पतींवर प्रस्ताव आहे. वनविभागाची परवानगी मंजुरीआधी घ्यायची की नंतर?

अर्ज आधी. कास पठारासाठी साताऱ्याच्या वनविभागाकडे लेखी अर्ज करा आणि पोच प्रस्तावाला जोडा. कोयना अभयारण्य किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत जाणार असाल, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972च्या कलम 28 प्रमाणे परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांची लागते. ते कार्यालय नागपूरला आहे, त्यामुळे वेळ लागतो. कास ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत फुलतं. जुलैत अर्ज केला तर तो हंगाम गेलाच समजा. रोपं उपटणार की फक्त फोटो आणि मोजणी, हे अर्जात स्पष्ट लिहा. नमुने न उचलणाऱ्या कामाला परवानगी मिळणं सोपं जातं.

प्रश्न : मी साताऱ्यात इतिहास शिकवतो. आमच्या विषयाला ना रसायनं ना उपकरणं. बजेटमध्ये प्रवास आणि पुस्तकं सोडून लिहायचं काय?

तुमचा खरा खर्च वाचण्याचा आहे आणि तो मोजता येतो. मोडी कागदांवर काम असेल तर पुणे पुराभिलेखागारातल्या प्रतींचं शुल्क, तिथले राहण्याचे दिवस आणि लिप्यंतर हे तीन वेगळे आकडे मांडा. आधी एकदा जाऊन सूची पाहून या. कोणत्या दप्तरातले कोणते रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), अंदाजे किती कागद, हे प्रस्तावात आलं की 'प्रवास : रु. 25,000' या कोरड्या ओळीला अर्थ येतो. मोडी वाचणाऱ्या मदतनिसाला प्रति पान मानधन द्या. महिन्याचा पगार लिहिला की तो मनुष्यबळात जातो, आणि अनेक योजनांत त्याला पैसेच नसतात. पुस्तकांची यादी किमतींसह जोडा, आणि ती ग्रंथालयात आधीच नाहीत हे ग्रंथपालांकडून लिहून घ्या. प्रकल्प संपल्यावर ती ग्रंथालयात जमा होतात, हेही लक्षात ठेवा.

प्रश्न : मी मिरजेत तासिका तत्त्वावर शिकवतो. अर्ज करता येईल का?

बहुतेक योजना विद्यापीठाची मान्यता असलेल्या पूर्णवेळ शिक्षकालाच मुख्य संशोधक मानतात. काही ठिकाणी निवृत्तीला ठरावीक काळ उरला असावा अशीही अट असते. परिपत्रकातलं पात्रतेचं कलम वाचा. मार्ग बंद असेल तर मान्यताप्राप्त सहकाऱ्याबरोबर सहसंशोधक म्हणून जा, पण कामाची वाटणी आणि लेखावरच्या नावांचा क्रम प्रस्तावातच लिहून घ्या. ते तोंडी ठेवलं की पुढे कटुता येते.

प्रश्न : मंजुरीपत्र जानेवारीत आलं. 31 मार्चपूर्वी पैसे खर्च करा असं महाविद्यालयाचं कार्यालय सांगतं. घाईत काय सांभाळायचं?

पहिल्यांदा मंजुरीपत्रातली अट वाचा. कालावधी पत्राच्या तारखेपासून एक वर्ष असेल आणि 31 मार्चची अट फक्त पहिल्या हप्त्याचा हिशेब देण्यापुरती असेल, तर घाई निम्मी कमी होते. अट खरोखरच खर्चाची असेल तर लगेच, फेब्रुवारीतच, मुदतवाढीचा लेखी अर्ज प्राचार्यांमार्फत द्या आणि आवक क्रमांक घ्या. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला अर्ज बहुधा नाकारला जातो.

बिलं महाविद्यालयाच्या किंवा प्राचार्यांच्या नावाने घ्या, स्वतःच्या नावाने नको. मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही, ते तुम्ही खिशातून दिलेलं असलं तरी. तीन कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, खरेदी आदेश, मालासोबतचं चलन, बिल, या क्रमाने तारखा पुढे सरकायला हव्यात. कोटेशनची तारीख खरेदी आदेशानंतरची असली की लेखापरीक्षणात नेमका तोच कागद वर येतो. कोटेशनच्या मर्यादेखाली बसावं म्हणून एक खरेदी तीन बिलांत मोडू नका. टिकाऊ वस्तू, अगदी हार्ड डिस्कसुद्धा, डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवून तो पान क्रमांक बिलाच्या मागे लिहून घ्या. उपभोग्य वस्तूंची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करा.

एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात पैसे वळवायचे असतील, म्हणजे प्रवासाचे उरलेले रसायनांना, तर परवानगी खर्चाआधी मागा. नंतर मिळत नाही आणि ती रक्कम तुमच्याकडून वसूल होऊ शकते. पैसे मुदतीत संपणार नाहीत म्हणून वर्षभर पुरतील इतकी रसायनं एकदम भरू नका. काहींची मुदत संपते, आणि विद्रावकांचा साठा म्हणजे आगीचा धोका. उरलेले पैसे परत करणं यात कमीपणा नाही. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कसा वापरला याच्या दाखल्यात, मिळालेली रक्कम, खर्च, बँकेचं व्याज आणि परत केलेली शिल्लक या चार ओळी जुळल्या पाहिजेत. त्यातलं व्याज हमखास विसरलं जातं आणि प्रमाणपत्र त्यावरूनच परत येतं. खातं स्वतंत्र नसेल तर व्याजाची विभागणी लेखापालांकडून लेखी घ्या. सनदी लेखापालांची सही आणि शिक्का लागत असेल, तर मार्चअखेरीस त्यांना वेळ नसतो. कच्चा हिशेब 15 मार्चपर्यंत त्यांच्याकडे द्या.