मार्चिंग स्नेअरवर (बँडमध्ये चालताना वाजवायचा ड्रम) वेग वाढला की डबल स्ट्रोक, म्हणजे एकाच हाताचे सलग दोन ठोके, फिसकटतात. सफाई कशी आणावी?

मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टकटक देणारं यंत्र) मिनिटाला 70-80 ठोक्यांवर उतरवा आणि डबलचा दुसरा ठोकाही मनगटानेच मारा. शाळेच्या बँडमधल्या मुलांना शिकवताना हाच दोष सगळ्यात जास्त दिसतो: पहिला ठोका मारायचा, दुसरा उसळीवर सोडून द्यायचा. केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचं ड्रमचं पान इतकं ताणलेलं असतं की काठी आपोआप उडते. म्हणून दुसरा ठोका हलका आणि घाईचा पडतो, आणि तेवढ्या कोरड्या आवाजात तो लगेच उघडा पडतो. आधी एकेका हाताने 8-8 ठोके घ्या, काठीचं टोक पानापासून 3 इंच उचलून, मग तेच 9 इंचांवर. आवाज वाढतो तो उंचीमुळे, मूठ आवळून नव्हे. हे आरशासमोर करा, डावी-उजवीतला फरक कानाआधी डोळ्यांना सापडतो. मग डबल, पॅराडिडल (उजवा-डावा-उजवा-उजवा, मग उलट), शेवटी फ्लॅम (मुख्य ठोक्याच्या किंचित आधी दुसऱ्या हाताचा लहान ठोका). फ्लॅमचा लहान ठोका पानाला अगदी लागून, इंचभरावरूनच. जमलं की पायांनी जागच्या जागी कदमताल सुरू करा (पाय लागले की हात बिघडतात, तेव्हा ही पायरी गाळू नका) आणि मेट्रोनोम 4-4 ने वाढवा. मात्र तुम्ही ट्रॅडिशनल ग्रिप (डाव्या हाताचा तळवा वर ठेवून काठी धरायची पद्धत) धरत असाल, तर डावा हात मनगट वर-खाली करून नाही, किल्ली फिरवावी तसा कोपरापुढचा हात वळवून चालतो. त्याला रोज वेगळी 10 मिनिटं द्यावीच लागतील.