क्रिमिनल जस्टिसची फी भरण्याआधी जुन्या मार्कशीट शोधा

ताई, तुमचा प्रश्न वाचताना दहा वर्षांपूर्वीची मीच समोर बसल्यासारखं वाटलं. वय ३४, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलेलं, नगरची बी.कॉम., दिवसा दुकानात काम, आणि न्यू जर्सीच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणाऱ्या कॉलेजात, संध्याकाळी क्रिमिनल जस्टिस (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांचा अभ्यास) केलं तर पैसे वसूल होतील का, ही धाकधूक. माझ्याकडे बी.कॉम.ऐवजी समाजशास्त्रातली एम.ए. होती, एवढाच फरक. वडील साताऱ्यात हवालदार, त्यामुळे खाकीचं वेड घरचंच.

प्रवेशाचा फॉर्म, प्लेसमेंट टेस्ट वगैरेंत शिरत नाही, ते कॉलेजच्या साइटवर आहे. मी कुठे आपटले तेवढं सांगते.

पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी माझी प्लास्टिकची फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, परदेशी पदवी इथे धरत नाहीत, पहिल्यापासून सुरू करा. गळ्यात ओळखपत्र, समोर संगणक. मी मान डोलावली. तिथून वीस पावलांवर आर्थिक मदतीची खिडकी. तिथल्या माणसाने विचारलं, आधीची पदवी आहे का? आहे म्हटल्यावर तो म्हणाला, मग पेल ग्रँट, म्हणजे फीसाठीची परत न करायची सरकारी मदत, मिळणार नाही, बॅचलर्स झालेल्यांना ती नसते, परदेशातली असली तरी. नियम खरा आहे, त्याची चूक नव्हती. पण गंमत बघा: मदत नाकारताना माझी पदवी चालली, झालेल्या शिक्षणाचे क्रेडिट (पदवीसाठी मोजायचे गुणांक) देताना चालली नाही. आणि मी दोन्ही ऑफिसांतून 'थँक यू' म्हणून बाहेर पडले! आज आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

मग साडेतीन वर्षं, दर सेमिस्टरला दोन विषय, उन्हाळ्यातही सुट्टी नाही. ६० क्रेडिट. फी आणि पुस्तकं मिळून साडेबारा हजार डॉलर खिशातून. पदवी हातात आल्यावर प्रोबेशन ऑफिसरची, म्हणजे कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्याची, जाहिरात नीट वाचली. त्यात मागितली होती बॅचलर्स. मी घेतलेली कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट पदवी पुरणार नव्हती. खाली बारीक अक्षरात होतं, परदेशी पदवी असल्यास मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यांकन (ती इथल्या कोणत्या पदवीच्या बरोबरीची, याचा दाखला) करून जोडा. म्हणजे जी फाइल त्या बाईंनी उघडली नाही, तीच चालत होती. मूल्यांकन आणि कोल्हापूरच्या विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मागवणं, सगळं तीनशे डॉलरच्या आत झालं. आज मी प्रोबेशन ऑफिसरच आहे आणि लागले ती त्या एम.ए.वर.

म्हणून तुम्ही आधी तुमच्या बी.कॉम.चं मूल्यांकन करून घ्या. तीन वर्षांच्या पदवीचं जरा नाजूक असतं. काही संस्था ती इथल्या चार वर्षांच्या बरोबरीची धरतात, काही तीनच वर्षांचं शिक्षण म्हणतात. त्यामुळे संस्था निवडण्याआधी, ज्या नोकरीवर डोळा आहे ते ऑफिस कुणाचं मूल्यांकन घेतं ते विचारा. आणि उत्तर ईमेलवरच मागा. तोंडी सल्ल्याची किंमत मी भरून बसले आहे.

पोलिसात जायचं असेल तर कटू बोलते, राग मानू नका. न्यू जर्सीत पोलीस व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. ग्रीन कार्डनंतर त्याला साधारण पाच वर्षं, नवरा नागरिक असेल तर तीन. सिव्हिल सर्व्हिसखालच्या, म्हणजे राज्याच्या परीक्षेतून भरती करणाऱ्या, गावांत भरतीला पस्तिशीची अट आहे. तुमचं वय बघता ती दारं बंद आहेत. शिवाय त्या परीक्षेला हायस्कूल पुरतं, म्हणजे ज्या नोकरीसाठी लोक ही पदवी घेतात तिथे तिची सक्तीच नसते. कॉलेजच्या पत्रकावर मात्र हमखास गणवेशातला हसरा फोटो.

हे सगळं करूनही कॉलेज करायचं ठरलं, तर पदवीचा प्रकार बघून घ्या. असोसिएट पदवीचे ए.ए., ए.एस. आणि ए.ए.एस. असे प्रकार असतात. मी ए.ए.एस. घेतली, कारण यादीत ती वर होती आणि 'लवकर नोकरी' लिहिलं होतं. ए.ए.मध्ये गणित, लेखन, विज्ञान अशा सामान्य विषयांचे किमान ४५ क्रेडिट असतात, ए.एस.मध्ये ३०, ए.ए.एस.मध्ये २०. पुढे राज्याच्या सरकारी विद्यापीठात बॅचलर्सला गेलात तर ए.ए. आणि ए.एस.चे क्रेडिट पूर्ण धरण्याची हमी २००७च्या कायद्याने आहे, ए.ए.एस.ला नाही. 'क्रेडिट ट्रान्सफर होतात' एवढ्यावर भुलू नका. माझ्याबरोबरच्या एकीचे झाले, पण बहुतेक फुटकळ इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून. मुख्य विषय तिने पुन्हा पैसे भरून केले.

पदवी अगदीच फुकट गेली असं म्हणणार नाही. रिपोर्ट लिहायला शिकले, कोर्टाची भाषा कळली, मुलाखतीत त त प प झालं नाही. पण त्यासाठी चार-पाच विषय पुरले असते. तेवढेच घ्या, आणि त्यात स्पॅनिश घ्या. इथल्या कोर्टांत स्पॅनिश बोलणारी माणसं कायम हवी असतात. पुस्तकं जुन्या आवृत्तीची भाड्याने मिळतात, कॉलेजच्या दुकानात जाऊ नका.

मी वकील नाही, हे सगळं फक्त न्यू जर्सीचं, आणि नियम बदलतात. पेनसिल्व्हेनियात राहायला जाणार असाल तर माझं काही धरू नका.

आणि आज रात्रीच नगरला फोन करा. वर्षावर्षाच्या वेगळ्या मार्कशीट लागतात, फक्त शेवटची नाही. माझ्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली सापडली, त्यातच दोन महिने गेले.