सगळ्यांना सांभाळणाऱ्याचा थकवा

‘टीममधले सगळे चांगले आहेत, तरी कामावर जाणे नकोसे का होते?’ हा प्रश्न मी वारंवार ऐकते, आणि तो विचारणारी व्यक्ती बहुधा त्या टीममधली सर्वांत समजूतदार असते.

एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात इनचार्ज सिस्टर असलेल्या बाई माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). नव्या मुलीकडून चूक झाली की डॉक्टरांचे बोलणे त्या स्वतः ऐकून घेत, कोणाच्या घरी अडचण आली की तिची नाइट ड्यूटी करत, आणि नातेवाइकांचा संताप शांतपणे झेलत. घरी मात्र मुलाचे दप्तर जागेवर दिसले नाही एवढ्यावरून त्यांचा पारा चढे. ‘मॅडम, मला राग आवरत नाही,’ ही त्यांची तक्रार होती. मला मात्र वाटले की विभागात त्या तो इतका आवरत होत्या की आपल्याला राग आला आहे हेच त्यांच्या ध्यानात येत नव्हते.

सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची व्याख्या केली, तेव्हा दुसऱ्याच्या भावनांबरोबर स्वतःच्या भावना ओळखणे आणि त्या जाणिवेनुसार विचार व कृती करणे, हे सारे तिच्यात होते. कामाच्या ठिकाणी दुर्दैवाने ‘दुसऱ्याला समजून घ्या’ एवढाच भाग पोहोचतो. चेहऱ्यावरचा शांतपणा टिकवणे हेही श्रमच आहेत, हे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी हवाई सुंदरींच्या अभ्यासातून १९८३ सालीच दाखवले होते. बोलता बोलता बाई म्हणाल्या, ‘हल्ली पेशंटचे नाव तोंडात येत नाही, बेड नंबरच येतो.’ मला हे जास्त काळजीचे वाटले, कारण जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या अवस्थेच्या, वर्णनात थकव्याबरोबर कामापासून मनाने तुटत जाण्याचाही समावेश केला आहे.

डॉक्टर ओरडले तेव्हा काय वाटले, असे विचारल्यावर त्या आधी म्हणाल्या, ‘त्या मुलीची दया आली.’ बऱ्याच वेळाने शब्द आला, ‘अपमान.’ मग आम्ही एक वाक्य घडवले आणि ते सहज म्हणता येईपर्यंत घोकले: ‘डॉक्टर, चूक झाली आहे, त्यावर आपण केबिनमध्ये बोलू, पेशंटसमोर नको.’ शिवाय ड्यूटीची अदलाबदल तोंडी न करता मेट्रनच्या सहीने रजिस्टरमध्ये नोंदवण्याची सूचना त्यांनी मांडली आणि ती मान्य झाली. एकीने सगळ्यांचा भार वाहायचा आणि व्यवस्थेने त्याला कौतुकाने ‘टीमवर्क’ म्हणायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

डॉक्टरांनी ते वाक्य पहिल्यांदा कानाआड केले, दुसऱ्यांदा ऐकले. काही सहकाऱ्यांनी मात्र ‘सिस्टर, तुम्ही बदललात’ असा सूर लावला, आणि त्यातून येणारी अपराधी भावना हाच आमच्या पुढील भेटींचा विषय झाला.

ज्यांना हे आपलेच वाटते, त्यांनी झोप किंवा भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली असल्यास मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही बोलता येते.