व्यवस्थापनाच्या नव्या संशोधकास

आपण चिकित्सक सामाजिक सिद्धांताकडे, म्हणजे प्रचलित व्यवस्था आणि तिच्यातील सत्तासंबंध यांनाच प्रश्न विचारणाऱ्या विचारपरंपरेकडे, वळलात याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र प्रस्तावनेत सिद्धांताचे नाव घ्यायचे आणि पुढे नेहमीचीच आकडेमोड करायची, ही चूक आरंभी अनेकांकडून होते. जर्मन तत्त्वज्ञ मॅक्स होर्कहायमर यांनी 1937 मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांतांत जो भेद केला, त्याचा गाभा असा की अभ्यासक ज्या समाजाचे वर्णन करतो त्याच समाजात तो स्वतः उभा असतो, आणि म्हणून प्रचलित व्यवस्था नैसर्गिक मानून चालणे त्याला परवडत नाही.

कामगिरी-मूल्यमापनाचा एखादा तक्ता समोर घ्या. 'सहकार्याची वृत्ती' या रकान्यात पाचपैकी दोन गुण मिळालेल्या व्यक्तीने जादा कामाला नकार दिला होता का, हे तपासा. तो रकाना कोणी ठरवला, गुण कोण देतो आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागता येते, हेही विचारा. समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय यांनी स्वतः कारखान्यात यंत्रावर काम केले आणि ठरलेला कोटा गाठण्याच्या खेळातूनच कामगारांची व्यवस्थेला संमती कशी घडत जाते, हे 1979 मध्ये मांडले. सक्तीपेक्षा संमतीचा अभ्यास अवघड असतो, आणि माझ्या मते चिकित्सक सिद्धांत सर्वाधिक उपयोगी पडतो तो तेथेच.

आपली राजकीय भूमिका लपवू नका, पण पुरावा तिच्या दावणीला बांधू नका. आपल्या गृहीतकाविरुद्ध जाणारी मुलाखत आधी वाचा. मसुदा ज्यांच्याविषयी आहे त्यांना, कोणाची ओळख उघड होणार नाही याची काळजी घेऊन, जरूर दाखवा; त्यांच्या हरकती तळटीपेत न ढकलता विश्लेषणातच घ्या.