जावातून पायथनकडे येताना

जावाची सवय हाताला असली की पायथनमध्येही प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी इझइन्स्टन्सची, म्हणजे आलेली वस्तू ठरावीक प्रकारचीच आहे ना याची, तपासणी लिहावीशी वाटते. ती लिहू नकोस. ओळी वाचणाऱ्या फंक्शनला फाइल दे किंवा साधी लिस्ट दे, त्याला फक्त एकेक ओळ मिळाली की पुरे. टेस्ट लिहिताना खोटी फाइल बनवायची गरजच उरत नाही, आणि मला पायथनमधली हीच गोष्ट सर्वांत आवडते.

खरी काळजी घ्यायची ती बाहेरून डेटा आत येतो तिथे. इनपुट() नेहमी स्ट्रिंगच, म्हणजे मजकूरच देतं. वापरकर्त्याने 21 टाइप केलं आणि तू त्याला 2 ने गुणलंस, तर 42 नाही, 2121 मिळतं, तेही कुठलीही एरर न येता. 1 मिळवायला गेलास तर निदान टाइपएरर तरी येते. म्हणून आत आल्या आल्या इंट() वापरून त्याचा पूर्णांक करून घे.

टाइप हिंट्स, म्हणजे कुठे कोणत्या प्रकारचा डेटा अपेक्षित आहे याच्या नोंदी, जरूर लिही. 2015 च्या 3.5 आवृत्तीपासून त्यांची सोय आहे. मात्र प्रोग्रॅम चालताना पायथन त्या तपासत नाही, त्यासाठी मायपाय हे तपासणीचं साधन वेगळं चालवावं लागतं. आणि जावाचा कंपायलर जे पकडायचा त्यातलं बरंच आता टेस्टने पकडायचंय, विशेषतः क्वचित चालणाऱ्या एल्स शाखांमधलं. तिथली नावातली चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत दिसत नाही.